समुपदेशकांचा पाठीराखा : प्रस्तावना

मध्यप्रांत अस्तित्वात येऊन पुरती तीन वर्षे झाली असतील-नसतील, तोच १८६४ साली नागपुरात मनोरुग्णांसाठी सरकारी इस्पितळ उभे राहिले. आणि तेव्हापासून शतकाहून अधिक काळ विदर्भातील मनोरुग्णाच्या वाट्याला येणारी शासकीय सेवा ही त्या इस्पितळाच्या भिंतीच्या आतच मिळावयाची, अशी लोकांची आणि दप्तराचीही पक्की समजूत होऊन बसली. ते इस्पितळ आज प्रादेशिक मनोरुग्णालय या नावाने ओळखले जाते. तथापि त्याच्या बाजूच्या चौकाला शहरातील माणसे अद्यापि पागलखाना चौक असेच म्हणतात, आणि ज्या कुटुंबाला तेथवर जावे लागले त्याने ती गोष्ट सोयरिकीच्या बोलण्यात कधी निघू दिली नाही. या भिंतीबाहेर पडून सेवेनेच गावाकडे जावे, हा विचार आपल्या देशात १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळच्या रायपूर रानी आणि बंगळूरजवळच्या साकलवारा या दोन ग्रामीण प्रयोगांनी प्रथम आचरणात आणून दाखविला. त्यातून १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर सामान्य आरोग्यसेवेच्या प्रत्येक पातळीवर, अर्थात प्राथमिक पातळीवरही, मानसिक आरोग्यसेवा समाविष्ट करणे हे शासनाचे कर्तव्यच ठरविले. चार दशकांच्या या प्रवासात औषधांच्या याद्या ठरल्या, प्रशिक्षणाचे पाठ लिहिले गेले, प्रपत्रे छापली गेली. मात्र जी माणसे हे काम प्रत्यक्ष करतात, त्यांनी दिवसभर ऐकलेले दुःख कोणापुढे मांडावे, आणि आपण केले ते बरोबर की चूक हे कोणाला विचारावे, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणत्याही कागदाने पुरेशा गांभीर्याने दिलेले नाही. या पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे.

ही माणसे कोण? नागपूर जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांपैकी कुही, भिवापूर, नरखेड किंवा रामटेक यांतील कोणतेही प्राथमिक आरोग्य केंद्र घ्यावे. तेथील वैद्यकीय अधिकारी बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, प्रसूती आणि शवविच्छेदन यांत गुंतलेला असतो. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो किंवा असते. आणि गावात आशा स्वयंसेविका असते, जी २००५ पासून या व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभी राहून सर्वांत वरचे ओझे वाहत आहे. यांच्या जोडीला कोठे कोठे समुपदेशक नेमलेला असतो. मानसिक व्याधीने पीडित असा जो मनुष्य यांच्याकडे येतो, तो मनाचे नाव काढीत नाही. पाठीत कळ निघते, छातीत धडधड होते, हातापायांची आग होते, ‘झोपच नाही येऊन राहिली ना बाई,’ असे तो सांगतो. आणि ऐकणारीने घाई केली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी कापसाचे कर्ज, दारूपायी मोडलेला संसार, दोनदा वाया गेलेले गर्भारपण, किंवा दहावी नापास होऊन घराबाहेर न पडणारा मुलगा यांची कहाणी बाहेर येते. ती बाहेर आली की ऐकणारीच्या पदरात पडते. मुंबई-पुण्याचा मानसोपचारतज्ज्ञ आपला दवाखाना बंद करून ज्या वस्तीत घरी जातो, त्या वस्तीत त्याचा रुग्ण बहुधा राहत नाही. आशा स्वयंसेविका मात्र त्याच गावची सून असते, जिचा नवरा मारतो असे आत्ताच ऐकले तिच्याच शेजारी तिला उद्या हळदीकुंकवाला बसावयाचे असते, आणि तो मारणारा नवरा कदाचित तिच्या दिराचा मित्र असतो. गुप्ततेचा नियम पुस्तकात एका वाक्यात मावतो. गावात तो पाळावयाचा म्हणजे रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो.

अशा माणसाला चार-सहा दिवसांचे प्रशिक्षण देऊन क्षेत्रात पाठविले आणि पुढे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तर त्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. उदाहरणादाखल नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची ती सुप्रसिद्ध प्रश्नावली घेऊ. तिचा नववा प्रश्न असा, की आपण मेलेलो बरे किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी असे विचार मनात येतात काय. प्रशिक्षणाच्या सभागृहात हा प्रश्न सर्वजण खड्या आवाजात वाचतात. परंतु ओसरीवर, सासू चुलीजवळ बसलेली असताना, समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी असताना तो विचारण्याची वेळ आली, की जीभ अडखळते. विचारल्याने नसता विचार तिच्या डोक्यात शिरेल, ही जुनी भीती उफाळून येते (ती भीती निराधार असल्याचे अभ्यासांती दिसून आले आहे, हे प्रशिक्षणात सांगितलेले असूनही), आणि प्रश्न एकतर गाळला जातो, नाहीतर ‘तसले काही मनात येत नाही ना तुमच्या?’ अशा रीतीने विचारला जातो, की ज्याला ‘नाही’ याखेरीज दुसरे उत्तर देणे सभ्य माणसाला शक्यच होऊ नये. प्रपत्रावर शून्य लिहिले जाते. महिन्याच्या अहवालात ते शून्य तालुक्याला जाते, तालुक्याहून जिल्ह्याला जाते, आणि त्या शून्यामागे काय दडले आहे हे कोणालाही कळण्याची सोय उरत नाही. हा दोष त्या आशाताईचा आहे असे मी म्हणणार नाही. ती प्रश्न कसा विचारते हे तिच्याकडून कोणी करवून पाहिले नाही, तिच्या भीतीची विचारपूस केली नाही, आणि ‘हो’ असे उत्तर आले तर पुढच्या पाच मिनिटांत काय करावयाचे, घरात ठेवलेली फवारणीची बाटली कोणाच्या ताब्यात द्यावयाची, रात्री सोबत कोणी झोपावयाचे, कोणत्या गाडीने कोणाकडे न्यावयाचे, याची तालीम तिच्याबरोबर कोणी केली नाही. ही विचारपूस आणि ही तालीम, नियमाने, ठरलेल्या वेळी आणि जाणत्या माणसाकडून होणे, यालाच या पुस्तकात चिकित्सात्मक पर्यवेक्षण म्हटले आहे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आपल्या आरोग्यखात्यात देखरेखीची वाण नाही. गटप्रवर्तक आहेत, आरोग्य सहायक आहेत, तालुका आरोग्य अधिकारी आहेत. मासिक सभा होते, दौऱ्याची दैनंदिनी लिहिली जाते, दप्तर तपासले जाते, उद्दिष्टाशी साध्याचा मेळ घातला जातो आणि तो न बसल्यास कैफियत मागितली जाते. या तपासणीची मी हेटाळणी करीत नाही. ती नसती तर औषधे गावापर्यंत पोहोचली नसती आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब राहिला नसता. परंतु जी व्यक्ती माझ्या मोबदल्याच्या कागदावर सही करते, जिच्या एका शेऱ्याने माझे नाव यादीतून निघू शकते, तिच्यापुढे मी, ‘नववा प्रश्न मला विचारवला नाही’ असे कबूल करणार नाही. कोणीही करणार नाही. तपासणीत चूक झाकावी लागते, आणि पर्यवेक्षणाचे तर सारे काम चूक उघडी करण्यावाचून सुरूच होत नाही. म्हणून ही दोन कामे एकाच खुर्चीत बसवू नयेत, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे. मनुष्यबळ अपुरे आहे म्हणून तपासणारानेच पर्यवेक्षणही करावे, अशी तजवीज सोयीची म्हणून अनेकदा सुचविली जाते; ती स्वीकारण्यापेक्षा पर्यवेक्षण सुरूच न करणे मी पसंत करीन, कारण त्यायोगे निदान कार्यकर्त्यांची फसगत तरी होणार नाही.

पर्यवेक्षणाची ही प्रथा परकी आहे आणि आपल्या मातीत ती रुजणार नाही, असा आक्षेप कानी येतो. तिचा इतिहास थोडक्यात पाहिला तर तो टिकत नाही. मनोविश्लेषणाच्या बर्लिन येथील चिकित्सालयात १९२० नंतर मॅक्स आयटिंगन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा दंडक घातला, की शिकाऊ उपचारकाने आपले रुग्ण अनुभवी सहकाऱ्यापुढे नियमाने मांडले पाहिजेत. पुढे मायकेल बालिंट या हंगेरीहून इंग्लंडात आलेल्या वैद्याने लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात साध्या कुटुंबवैद्यांना एकत्र बसवून, त्यांना ज्या रुग्णांनी हैराण केले असेल त्यांच्याविषयीच बोलावयास लावले, आणि त्या बैठकींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. बालिंटचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या बैठकीतली माणसे मनोविकारतज्ज्ञ नव्हती. ती खोकला-तापाची औषधे देणारी, वाड्यावस्त्यांतून फिरणारी माणसे होती. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जातकुळी तीच आहे. शिवाय, आपल्याकडे गायनाची विद्या जशी गुरूसमोर बसून, गाऊन, थांबवले जाऊन आणि पुन्हा गाऊनच मिळते, तशी ऐकण्याची विद्याही मिळते, हे महाराष्ट्रातील माणसाला बर्लिनहून कोणी येऊन शिकविण्याची आवश्यकता नव्हती. १९७० साली जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जे काम उभारले, त्यात खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रिया नियमाने केंद्रावर येत, आपल्या गावची दुखणी सांगत आणि शिकून परत जात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा जो प्रयोग ३९ गावांत केला, त्यात नवजात बालकांचा मृत्युदर शेकडा ६२ इतका घटला, असा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो सर्वांना ठाऊक आहे. पण प्रत्येक गावी पंधरवड्याला डॉक्टर जात असे, आरोग्यदूत स्त्रीची नोंद तिच्यासमोर बसून पडताळीत असे आणि तिला शिकवीत असे, ही बाब त्या आकड्याच्या तेजात झाकोळून गेली. माझ्या मते तो आकडा या पंधरवड्यांच्या फेऱ्यांवर उभा आहे.

मनाच्या आजारांपुरते बोलावयाचे तर सर्वांत बारकाईने हे काम गोव्यात झाले. १९९६ साली विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. प्राथमिक सेवेतील २४ दवाखान्यांत, त्यांपैकी निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना नेमून त्यांनी जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले: सरकारी केंद्रांत या समुपदेशकांचा लाभ मिळालेले रुग्ण सहा महिन्यांत स्पष्टपणे अधिक संख्येने बरे झाले, खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. पुढच्या दशकात त्यांनी नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक उपचार सिद्ध केला, आणि त्याच्या जोडीला पर्यवेक्षणाची जी रीत बसविली ती मला उपचाराइतकीच महत्त्वाची वाटते. रुग्णाची संमती घेऊन भेटीचे ध्वनिमुद्रण करावयाचे. आठवड्याला समुपदेशकांनी एकत्र बसून एकाचे मुद्रण सर्वांनी ऐकावयाचे. ठरलेल्या कसोट्यांवर प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यावयाचे. आणि मग, रुग्ण रडू लागला तेव्हा तू विषय का बदललास, त्याने दारूचा उल्लेख केला तो तुझ्या कानावरून का गेला, असे एकमेकांना प्रेमाने पण न चुकविता विचारावयाचे. आरंभी तज्ज्ञ समोर असत, पुढे बैठक चालविण्याची जबाबदारी समुपदेशकांकडेच आळीपाळीने गेली. आणि त्यांनी एकमेकांना दिलेले गुण सरावानंतर तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळू लागले. ज्या देशात मानसोपचारतज्ज्ञांची संख्या लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे, तेथे याचा अर्थ फार मोठा आहे. तज्ज्ञ येईपर्यंत थांबण्याचे कारण आपल्याला उरत नाही.

विदर्भाचा स्वतःचा अनुभवही आहे. ‘संगाथ’ आणि नागपूरची ‘प्रकृती’ यांच्या सहकार्याने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालविण्यात आला. गावातील कार्यकर्ता, त्याच्यावर समुपदेशक आणि त्याच्यावर मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची तीन पायऱ्यांची रचना होती. २०१७ साली राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, नैराश्याने ग्रासलेल्या माणसांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देताना संयम राखावा हे खरे. तरी ज्या मुलखाची आठवण देशाला केवळ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीने होते, त्या मुलखात लोक मनाच्या दुखण्यासाठी मदत मागतात आणि ती गावात मिळू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले आहे. पायऱ्या तीन असल्या म्हणजे काम होतेच असे नाही. पायऱ्यांमध्ये जा-ये असावी लागते, आणि ती जा-ये म्हणजेच पर्यवेक्षण.

ब्रिजिड प्रॉक्टर या इंग्रज विदुषीने पर्यवेक्षणाची तीन प्रयोजने सांगितली आहेत, आणि जगभर ती मान्य झाली आहेत: कामाचा दर्जा राखणे, कौशल्य वाढविणे आणि काम करणाऱ्याचे मन सावरणे. पहिल्या दोहोंविषयी या पुस्तकात पुढे भरपूर विवेचन आहे. तिसऱ्याविषयी मात्र येथेच थोडे थांबून बोलणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे त्याला चैनीची बाब मानण्याची वृत्ती आहे. ज्या माणसाच्या घरी आशा स्वयंसेविका मागच्याच आठवड्यात बसून आली होती, त्याने विष घेतल्याची बातमी गावात पसरते. पोलीस पंचनामा करतात, तलाठी येतो, वर्तमानपत्राचा प्रतिनिधी येतो. खात्याकडून तिला पहिला निरोप येतो तो बहुधा नोंदवही घेऊन हजर राहण्याचा. त्या रात्री ती स्त्री आपल्या घरी काय विचार करीत असेल? मी काही विसरले काय, तो बोलताना थांबला तेव्हा मी चहाला उठले म्हणून तो पुढचे बोलला नाही काय, असे प्रश्न ती स्वतःला विचारीत असते, आणि उत्तर द्यावयास तिच्याजवळ कोणी नसते. पुढच्या महिन्यात ती ज्या घरांत जाईल, तेथे एकतर नको इतकी सावध होईल, प्रत्येक उदास माणसाला नागपूरला धाडील, किंवा मनाचा विषयच टाळून लोहाच्या गोळ्या मोजून देऊन परत फिरेल. एका कार्यकर्तीचे खचणे म्हणजे हजारभर वस्तीच्या गावाचा एकमेव कान बंद होणे होय. म्हणून अशा प्रसंगी अट्ठेचाळीस तासांच्या आत पर्यवेक्षकाने तिच्याकडे स्वतः जावे, नोंदवही बाजूस ठेवावी, तिला सर्व हकीकत तिच्या गतीने सांगू द्यावी, आणि तिने जे योग्य केले ते नाव घेऊन सांगावे. चुकीची चिकित्सा त्यानंतर, सावकाशीने. हा क्रम उलटला तर चिकित्साही होत नाही आणि माणूसही टिकत नाही.

भाषेचा एक प्रश्न राहतो. देवलापारकडची गोंड स्त्री आपले दुःख गोंडीत सांगते, ऐकणारी ते वऱ्हाडीत किंवा नागपुरी बोलीत समजून घेते, प्रपत्र प्रमाण मराठीत भरले जाते आणि तज्ज्ञ त्यावर इंग्रजीत निदान लिहितो. या चार घाटांवर दुःखाचा बराचसा भाग वाहून जातो. पर्यवेक्षण कार्यकर्तीच्या बोलीत झाले पाहिजे, आणि रुग्णाचे मूळ शब्द तिने जसेच्या तसे सांगावेत असा आग्रह धरला पाहिजे. दूरध्वनीने किंवा भ्रमणध्वनीवरील दृक्‌श्राव्य बैठकीने हे काम काही अंशी भागते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रुग्णाला कोणत्याही घटकेस बोलता येते, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्या क्रमांकावर रात्रपाळीत बसून ऐकणारांनाही कोणीतरी ऐकणारे लागते, हे विसरून चालणार नाही.

आता मागणे. ते मोठे नाही. प्रत्येक तालुक्यात पंधरवड्यातून एकदा, शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी येण्याजाण्याची साधने मिळतात, दोन तासांची बैठक ठरावी. तिची तारीख वर्षाच्या आरंभीच हुकुमाने जाहीर व्हावी, आणि लसीकरण मोहीम किंवा मंत्र्यांचा दौरा आला म्हणून ती रद्द होऊ नये. बैठकीचे तास कामाचे तास म्हणून रुजू धरावेत. आशा स्वयंसेविकेला पगार नसून मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तेव्हा या तासांचा मोबदला आणि प्रवासभत्ता यांची अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी, नाहीतर जी सर्वांत गरीब आहे तीच प्रथम यावयाची बंद होईल. दाराला कडी असलेली खोली मिळावी. इतिवृत्तात रुग्णाचे नाव-गाव येऊ नये आणि कार्यकर्तीची चूक तिच्या नावानिशी येऊ नये. ते इतिवृत्त तपासणी अधिकाऱ्याकडे जाऊ नये. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. या तिन्ही ठिकाणी मनोविकारशास्त्र जाणणारी माणसे बसतात, आणि तेथे शिकणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणक्रमातील काही महिने एका तालुक्याच्या अशा बैठकीस हजर राहण्यात घालविले, तर त्याला आपला भावी रुग्ण कोठून येतो हे कळेल आणि तालुक्याला तज्ज्ञाचा आधार मिळेल. पुढे तीच बैठक अनुभवी समुपदेशकांच्या हाती सोपविता येईल; गोव्यात तशी ती सोपविता आली.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी हे पुस्तक वाचून प्रशिक्षण केंद्राच्या कपाटात ठेवू नये. आपल्या अखत्यारीतील एका तालुक्यात एका वर्षासाठी अशी बैठक सुरू करावी, तपासणी अधिकाऱ्याला त्या खोलीबाहेर ठेवावे, आणि वर्षअखेरीस तालुक्यातल्या आशाताईंनाच विचारावे, की ती पुढे चालू ठेवावी किंवा नाही.